मोठ्याने घाबरणाऱ्या खोब्रागडे मॅडम

खोब्रागडे मॅडम कोणालाही पहिल्यांदा भेटल्या की नावगाव विचारायच्या आधी एकच गोष्ट विचारतात.

"लहानपणी चावत होते का तुम्ही?"

विचारण्याचा सूर अगदी साधा. चहात साखर किती घालू, असं विचारावं तसा. समोरचा माणूस गोंधळतो, हसतो, इकडेतिकडे बघतो आणि शेवटी म्हणतो, "नाही बुवा." मग मॅडम त्याच्याकडे जरा काळजीने बघतात आणि म्हणतात, "मंग कुठे गेलं ते?"

आमचं शहर हिंदी मुलखातलं. आमच्या शाळेच्या प्रिन्सिपल सरांना त्यांनी हे मुलाखतीतच विचारलं होतं. म्हणजे मुलाखत मॅडमची होती आणि प्रश्न सरांनी विचारायचे होते. सर म्हणाले, "मैडम, मैं शुद्ध शाकाहारी हूँ." त्यावर "तो फिर कहाँ गया वो?" असं ऐकल्यावर सरांनी पाणी मागवलं, आणि मॅडमना नोकरी दिली. का दिली, ते सरांना अजून सांगता येत नाही.

माझ्या सासूबाईही यातून सुटल्या नाहीत. मॅडम एकदा आमच्याकडे चौबे कॉलोनीत जेवायला आल्या होत्या. सासूबाई वर्ध्याकडच्या, मोठ्या मानी. "मी कायले चावू कोणाले?" असं म्हणून त्यांनी पोळी जरा जोरातच वाढली. मॅडम गेल्या. सासूबाई पुढे दोन दिवस गप्प. मग मेथी निवडता निवडता अचानक म्हणाल्या, "वैशाली, माह्या मोठ्या बहिणीले चावली होती मी. कानाले. तिच्या लग्नाच्या फोटोत पाहा, पदर कानावर ओढला हाये." थोडं थांबून म्हणाल्या, "तुह्या त्या मॅडमले सांगू नोको."

मॅडम आमच्या शाळेच्या काउन्सेलर. शाळा शंकर नगरात, मोठी, तिच्यात लिफ्टसुद्धा आहे. पण मॅडमना जागा मिळाली ती खेळाचं सामान ठेवायच्या खोलीत. तिथे अजूनही रबराचा आणि जुन्या चामड्याच्या चेंडूंचा वास येतो. मॅडम बुटक्या, अंगाने भरलेल्या. पांढरी सुती साडी आणि पायात कॅनव्हासचे बूट. खुर्ची कायम भिंतीला टेकलेली. पाठीमागे कोणी उभं राहिलेलं त्यांना चालत नाही. "माह्यामागे उभा नको राहू रे बाबा, मले भेव वाटते," असं त्या चौथीतल्या पोरालाही सांगतात.

हे त्यांचं दुसरं वेड. त्या मोठ्याने घाबरतात. आम्ही सगळे शिक्षक घाबरलो की आवाज चढवतो, पट्टी आपटतो, आईवडिलांना बोलवून घेईन म्हणतो. मॅडम सरळ सांगून टाकतात. कुत्रं दिसलं, "थांबा, मले भेव वाटून राहिलं." लिफ्ट अडकली, "भैया, जल्दी करो, मैं बहुत डर रही हूँ." एकदा सरांनी त्यांना प्रार्थनेनंतर अनुशासनावर बोलायला सांगितलं. मॅडम माइकसमोर उभ्या राहिल्या. एवढी पोरं समोर. त्या म्हणाल्या, "बच्चों, मुझे तुम सबसे डर लग रहा है. इसलिए थोड़ा धीरे बोलूँगी." आणि हळू आवाजात काय बोलल्या ते कोणालाच ऐकू आलं नाही. पण सबंध मैदान चिडीचूप. तेव्हापासून पोरं त्यांना 'डर वाली मैम' म्हणतात.

"मॅडम, हे बरं दिसत नाही," मी त्यांना म्हणाले होते.

"बाई, भेव लपवलं का ते दात काढते," त्या म्हणाल्या. "जो पोट्टा दुसऱ्याले मारते ना, त्याले सोताचं भेव सहन होत नाही. मंग तो ते दुसऱ्याच्या अंगात घालून देते. मार खाणारा दोघांचं भेव घेऊन घरी जाते. अन् मारणारा हलका होऊन गुल्लीदांडू खेळते."

त्यांच्या खोलीत कापडाचा एक सिंह होता. रागावलेली पोरं तिथे पाठवली की ती त्या सिंहाचे पाय उपटायची, पोट फाडायची. मॅडम बघत बसायच्या. मग सुईदोरा काढायच्या आणि त्या पोरासमोरच तो सिंह शिवायच्या. शिवून शिवून सिंहाचा चेहरा आता एखाद्या त्रासलेल्या बैलासारखा झाला होता. सर म्हणाले, नवीन घेऊन देतो. मॅडमनी साफ नकार दिला. "नवीन आणला तर फाटलेलं शिवता येते हे पोट्ट्याले कसं कळन?"

आम्ही स्टाफरूममध्ये या सगळ्यावर हसत होतो. सहावी 'ब'चं प्रकरण सुरू होईपर्यंत.

आता त्याच्याकडे यायला हवं. यायला नको वाटतं, पण येते.

मी सहावी 'ब'ची क्लास टीचर. विषय गणित. दिवाळीनंतर माझ्या वर्गात एक नवी मुलगी आली, मुस्कान. वडील शहराबाहेर, उरला भागातल्या एका कारखान्यात शिफ्टवर कामाला. बारीक अंगाची, दोन घट्ट वेण्या, आणि नाव मुस्कान असून कधी हसायची नाही. आल्या आल्या तिने एका मुलाच्या बोटांवर डेस्कचं झाकण आपटलं. मग कोणाला जिन्यात ढकललं, कोणाचे केस ओढले. मारकुटी मुलं मी पुष्कळ पाहिली आहेत. मारतात आणि पळतात, किंवा मारतात आणि आधी स्वतःच रडतात. ही पळायची नाही. मारून झालं की वाकायची, आणि ज्याला मारलं त्याच्या तोंडाकडे अगदी जवळून बघत राहायची. डॉक्टर बघतो तशी. मला त्या बघण्याची भीती वाटायची.

पण खरी भीती वेगळीच होती.

मी फळ्याकडे तोंड केलं की मागून आवाज यायचा. टक. टक. टक. बाकावर पेन आपटल्याचा. आधी एक, मग दोन, मग सगळा वर्ग एका तालात. मी वळले की बंद. चाळीस चेहरे, नीट विंचरलेले केस, समोर उघडी वही.

"कौन कर रहा है?"

"कोई नहीं मैम," सगळे एका सुरात, गोड आवाजात.

मी पुन्हा फळ्याकडे वळायची. टक. टक. टक. आणि मग एक किंकाळी. वळून बघावं तर मुस्कान कोणावर तरी वाकलेली, आणि बाकी सगळे आपापल्या जागी, हाताची घडी घालून.

मी फळ्यावर खेकड्यासारखं लिहायला लागले. एक डोळा अपूर्णांकांवर, एक वर्गावर. पोरांच्या ते लक्षात आलं. मला भीती वाटते हे त्यांना कळलंय, हे मलाही कळलं. घरी सासूबाईंनी पोळपाटावर लाटणं ठेवलं तरी मी दचकायची. एवढी वर्षं शिकवते आहे, आणि अकरा वर्षांच्या पोरांना घाबरते, हे कोणाला सांगणार? नवऱ्याला सांगितलं तर तो हसला आणि हिंदीत म्हणाला, "एक चमाट लगाओ, सब ठीक."

शेवटी खोब्रागडे मॅडमकडे गेले. मॅडम डब्यातून ठेठरी खात होत्या. बेसनाची ती काडी कुडुम कुडुम मोडत त्यांनी सगळं ऐकलं. मला वाटलं होतं, मी घाबरते यावर काहीतरी बोलतील. त्या एवढंच म्हणाल्या, "मले दाखव."

दुसऱ्या दिवशी त्या माझ्या तासाला शेवटच्या बाकावर बसल्या, भिंतीला पाठ लावून. टकटक झाली नाही. पण मॅडम बाहेर आल्या तेव्हा त्यांनी माझा हात धरला.

"वैशाली, मले त्या पोट्टीचं एवढं भेव नाही वाटलं. बाकीच्यांचं वाटलं."

"बाकीचे तर काहीच करत नाहीत, मॅडम."

"तेच तं. त्यांनी ते पोट्टी कामावर ठेवली हाये. सगळ्यांचा राग तिनं उचलायचा. बाकीच्यांनी होमवर्क करायचा, डबा खायचा, शहाणं दिसायचं. हात तिचा, पण मारून राहिले सगळे."

"मग तिला दुसऱ्या वर्गात टाकू या का?"

"टाक. हे दुसरीले नेमतील."

त्यानंतर मुस्कान रोज मधल्या सुट्टीत मॅडमकडे जाऊ लागली. मॅडमनी जबरदस्ती केली नाही. "सिंह फाडायचा हाये, येतेस का?" एवढंच विचारलं होतं, तेही हिंदीत. ती यायची, सिंह फाडायची, मग वाकून त्याच्या तोंडाकडे बघायची. मॅडम शिवायच्या. बोलणं काही नाही. बरेच दिवस हेच चाललं. एक दिवस ती सिंहाकडे बघतच बोलली, "मैंने बोला था भाई नहीं चाहिए."

मॅडमनी मग तिच्या वडिलांना बोलवून घेतलं. शिफ्ट संपवून ते तसेच आले होते, भुवयांवर धूळ. त्यांनी सांगितलं, धाकटा मुलगा दिवस भरायच्या आधीच झाला. अजून दवाखान्यात काचेच्या पेटीत आहे. बायको तिथेच असते. घरी हे दोघंच. "घर में कोई ज़ोर से बोलता भी नहीं मैडम. बच्ची को तो मैंने कभी हाथ नहीं लगाया." खरं बोलत होते. त्या घरात कोणी कोणाला मारत नव्हतं. त्या घरात सगळे श्वास धरून बसले होते.

ते गेल्यावर मॅडमनी सिंह मांडीवर घेतला. मग म्हणाल्या, "तिले वाटते तिच्या रागानं तो पोट्टा पेटीत गेला. आपला राग माणसाले मारून टाकते, असं वाटून राहिलं तिले. म्हणून मारते अन् वाकून पाहते. मरते का कोणी, ते पाहून राहिली."

मी त्या सिंहाच्या तोंडाकडे पाहिलं.

"अन् लेकरं काय करतात? रडतात, पळतात, तिच्याजवळून बाक सरकवतात. मंग तिची खात्री होते. पाहा, हाही गेला."

"मग यावर उपाय काय, मॅडम?"

"कोणीतरी तिच्यासमोर मार खाऊन बसून राहावं लागते. परतून मारायचं नाही. पळायचं नाही. लागलं नाही असं खोटंही बोलायचं नाही."

"कोणी?"

मॅडमनी ठेठरीच्या डब्याचं झाकण लावलं.

त्याच आठवड्यात मुस्कानने रूहीच्या हातात कंपासचं टोक खुपसलं. रूही म्हणजे वर्गातली सर्वांत अबोल मुलगी. टोक तळहातात चांगलं आत गेलं होतं. मी तिला उचलून ऑफिसात नेलं तेव्हा माझा पदर लाल झाला होता, आणि मागे वर्गात कोणीतरी पेन आपटत होतं. टक. टक. अजून.

पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर संध्याकाळपर्यंत आग लागली. दुसऱ्या दिवशी सरांनी ठरवलं, मुलीला टीसी द्यायचा, वडील शिफ्ट संपवून आले की हातात ठेवायचा. तोवर तिला वर्गात सगळ्यांपासून दूर बसवा. मॅडम सरांच्या केबिनमध्ये गेल्या. मीही मागे गेले.

"सर, एक पीरियड दीजिए मुझे. उस क्लास में."

"मैडम, कुछ हो गया तो?"

"होगा ही सर," मॅडम म्हणाल्या. "मुझे बहुत डर लग रहा है."

सरांनी आधी मॅडमकडे पाहिलं, मग माझ्याकडे. पाणी मागवलं. आणि पीरियड दिला.

तो शेवटचा तास होता. मॅडमनी खुर्ची उचलली आणि वर्गाच्या मधोमध ठेवली. मधोमध! भिंत सोडून, चहूबाजूंना पोरं, पाठीमागेही पोरं. त्या बसल्या, दोन्ही हातांनी खुर्ची धरून. मी दाराशी उभी होते. मुस्कान कोपऱ्यात एकटी, समोर स्टीलची पाण्याची बाटली. रूही हाताला पट्टी बांधून दुसऱ्या टोकाला. तिच्या आईने घरी राहा म्हटलं होतं, पण ती आली होती.

"मुझे डर लग रहा है," मॅडम म्हणाल्या. "और किसको लग रहा है?"

कोणी हललं नाही.

मग मागून आलं ते. टक.

मॅडमनी मान वळवली नाही. टक. टक. दुसऱ्या रांगेतून, तिसऱ्या रांगेतून. पहिल्यांदाच मी समोर उभी असताना, माझ्या डोळ्यांदेखत ते पेन आपटत होते, आणि मला थांबवता येत नव्हतं. चेहरे कोरे. पहिल्या बाकावरचा आरव, आमचा मॉनिटर, ज्याच्या वहीवर कधी डाग नसतो, तोही आपटत होता. ताल वाढत गेला. मुस्कान उठून उभी राहिली. तिच्या तोंडावर राग नव्हता, हे मी शपथेवर सांगते. कोणीतरी हाक मारली म्हणून उठावं, तशी ती उठली होती.

"मॅडम, उठा," मी ओरडले.

बाटली सुटली. मॅडमच्या भुवईवर लागली. तो आवाज मी अजून विसरलेले नाही. मॅडम खुर्चीसकट हलल्या, आणि मग डोळ्यावरून, गालावरून रक्त पांढऱ्या साडीवर उतरायला लागलं.

टकटक एकदम बंद.

मुस्कान जवळ आली. वाकली. आणि बघायला लागली.

मॅडमनी पदर भुवईवर दाबला. दुसरा डोळा उघडा ठेवून त्यांनी तिच्याकडे पाहिलं. "लगा," त्या म्हणाल्या. "बहुत ज़ोर से लगा. मेरे को गुस्सा भी आ रहा है. डर भी लग रहा है. पर मैं मरी नहीं. देख ले. बैठी हूँ."

मुस्कान बघत राहिली. मग तिने अगदी बारीक आवाजात विचारलं, "घर जाके मर गए तो?"

"नहीं मरूँगी."

"पक्का?"

"कल सुबह गेट पर आना. देख लेना."

तेवढ्यात कोणीतरी हुंदका दिला. मला वाटलं रूही. पण तो आरव होता. "मैम, मैं शुरू नहीं करता," तो म्हणत होता, "अपने आप शुरू होता है. रुकता नहीं है. मेरे को भी डर लगता है." आणि मग इकडून एक, तिकडून एक. त्या वर्गात किती भीती भरून ठेवली होती, देव जाणे! सगळी एकदम बाहेर आली. रूही मात्र रडली नाही. ती उठली, आपल्या रुमालाची घडी मॅडमच्या मांडीवर ठेवली आणि परत जागेवर जाऊन बसली.

जवळच्याच दवाखान्यात मॅडमना टाके पडले. डोक्याला मार आहे, रात्री एकट्या राहू नका, डॉक्टर म्हणाले. "घर पे कौन है?"

"हैं," मॅडम म्हणाल्या.

मी त्यांना ऑटोत बसवलं. घरापर्यंत येते म्हटलं तर म्हणाल्या, "तू घरी जा. सासूबाई वाट पाहून राहिल्या असतील."

रात्रभर मला झोप आली नाही. सकाळी मी वेळेच्या बरीच आधी शाळेत गेले. गेटशी मुस्कान उभी होती. टीसीचं आदल्या दिवशीच्या गडबडीत राहूनच गेलं होतं, आणि वडील तिला सोडून कामावर गेले होते. मला तिने नमस्ते केलं नाही. रस्त्याकडे बघत होती. बस आल्या, गाड्या आल्या, पोरं आली. मॅडम नाही. मी फोन लावला, उचलला नाही. पुन्हा लावला. प्रार्थनेची घंटा झाली. मुस्कान हलली नाही. तिचे ओठ पांढरे पडत चालले होते. टाके घातलेलं डोकं, वय साठीला आलेलं. काही झालं असेल तर? आणि झालं असेल तर या पोरीला काय सांगायचं? कोणत्या तोंडाने सांगायचं?

वॉचमन गेट लावायला आला. मी त्याला थांब म्हणाले. त्याने घड्याळ दाखवलं. मी पुन्हा थांब म्हणाले, या वेळी ओरडूनच.

तेव्हा ऑटो आली. आधी कॅनव्हासचा बूट खाली आला, मग मॅडम. एक डोळा सुजून जांभळा, डोक्याला पट्टी, आणि चालताना हात ऑटोला धरलेला. त्या मुस्कानसमोर येऊन उभ्या राहिल्या. या वेळी त्याच वाकल्या, तिला नीट दिसावं म्हणून.

"देख लिया?"

मुस्कानने बराच वेळ पाहिलं. मग त्यांच्या पट्टीला एक बोट लावलं. अगदी हळू.

"दुखता है?"

"हव," मॅडम म्हणाल्या. "बहुत दुखता है. जा, क्लास में जा."

पुढचं आधीच सांगून टाकते. टीसी निघाला नाही. रूहीच्या आईने सरांना सांगितलं, माझी मुलगी म्हणते त्या पोरीला काढू नका. मुस्कानचा भाऊ उन्हाळ्याच्या आधी घरी आला. मुस्कान काही गाय झाली नाही. अजून ढकलते, पण आता आधी ओरडते, "मेरे को गुस्सा आ रहा है, हट जाओ," आणि शहाणी पोरं हटतात. टकटक परत ऐकू आली नाही. तरी कोणाच्या हातून पेन पडलं की मी अजून वळून बघते.

गेटवर आल्या त्या दिवशी मात्र मॅडमना उभं राहवत नव्हतं. दुपारी मी सुट्टी टाकून त्यांना घरी घेऊन गेले. एका अरुंद गल्लीत वरच्या मजल्यावर दोन खोल्या. दार उघडंच होतं. आतलं नव्हे, बाहेरचंच, सताड. आणि दाराच्या अगदी चौकटीत एक खुर्ची, तिच्यावर चादर.

"मॅडम, घरी कोण आहे?"

"कोणी नाही." त्या पलंगावर बसल्या. "माय होती तोपर्यंत होती."

"पण डॉक्टरांना तर तुम्ही..."

"नाही सांगितलं असतं तं दवाखान्यात ठेवलं असतं. मंग सकाळी गेटवर कोण गेलं असतं?"

मी खुर्चीकडे पाहिलं. मला कळायला लागलं होतं, पण कळून घ्यायचं नव्हतं.

"झोपलीच नाही मी," मॅडम म्हणाल्या. "दार उघडं टाकून बसली. काही झालं तं खालच्या लोकायले दिसलं तरी पाहिजे. डोळा लागला का हाताले चिमटा घेत होती. सकाळी चक्कर येत होती, जिना बसत बसत उतरली; फोन, दार, सगळं तसंच राहिलं. मले मरायचं भेव नाही वो वैशाली. पण झोपेत काही झालं असतं, तं त्या पोट्टीनं जन्मभर काय समजलं असतं?"

मी पंखा लावला, दार लोटलं, त्यांच्या पायातले बूट काढले. त्यांनी काढू दिले.

"आता झोपा. मी बसते."

"तासाभरानं उठवजो. डॉक्टर म्हणे, उठवून नाव विचारायचं. बरोबर सांगितलं तं ठीक."

मी हो म्हटलं आणि मग थांबले. "मॅडम, पण बरोबर आहे की नाही हे मला कसं कळणार? तुमचं नाव काय आहे?"

मॅडमना आधी हसू आलं. हसल्यावर टाके ओढले गेले असावेत, त्यांनी कपाळाला हात लावला. "सुशीला," त्या म्हणाल्या. "माय सुशी म्हणे." आणि भिंतीकडे तोंड करून झोपल्या. माझ्याकडे पाठ करून.

मी तासभर त्यांचा श्वास मोजत बसले. मध्येच तो इतका हळू व्हायचा की मी उठून नाकाजवळ हात धरायची. खाली भाजीवाला ओरडून गेला, कोणाचा तरी कुकर वाजला. तास झाला तेव्हा मी त्यांच्या खांद्याला हात लावला.

"मॅडम."

हालचाल नाही.

"मॅडम, उठा. तुमचं नाव काय?"

त्यांनी डोळे उघडले. एक सुजलेला, एक नीट. माझ्याकडे बघत राहिल्या. काही बोलेनात. मी पुन्हा विचारलं, जरा मोठ्याने, "मॅडम, नाव सांगा. काय नाव तुमचं?"

"तूच घे ना एकदा," त्या म्हणाल्या. "लय दिवस झाले, कोणी घेतलं नाही."

मी म्हणाले, "सुशी."

"बरोबर," त्या म्हणाल्या, आणि पुन्हा डोळे मिटले.